अठ्ठ्याण्णव टक्के

(वहिनींना विचारूनच लिहितोय.)

पुण्याहून पाहुणे आले म्हणून दिवाळीत सगळे दौलताबादला गेलो. आमच्या संभाजीनगरहून जेमतेम १५ किलोमीटर, पण पाहुणे आल्याशिवाय जाणं होत नाही... असो.

वहिनी चांदमिनारापाशीच बसल्या. "तुम्ही या जाऊन." एरवी अंधारीपर्यंत सगळ्यांच्या पुढे असायच्या. धाप लागली होती.

घरी आल्यावर २०२१ मध्ये, कोरोनाच्या धास्तीनं घेतलेला ऑक्सिमीटर शोधला. माझा आकडा ९७, त्यांचा ९८! "भाऊजी, तुमच्यापेक्षा एक जास्तच," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. विषय संपला.

महिन्याभरानं त्यांना चक्कर आली. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.१. मी डॉक्टरीणबाईंशी वादच घातला, मग ते ९८ काय होतं? त्यांनी शांतपणे समजावलं. माझ्या भाषेत सांगायचं, तर तांबड्या पेशी म्हणजे एसटीच्या गाड्या. ऑक्सिजन फुप्फुसाच्या स्टँडवर चढतो आणि मेंदू, पाय, हृदय अशा गावोगावी उतरतो. बसायच्या जागा म्हणजे हिमोग्लोबिनमधलं लोह. एका रेणूत लोहाचे चार अणू, एका अणूवर ऑक्सिजनचा एक रेणू. एका पेशीत असे साधारण २७ कोटी रेणू! जास्त माल मावावा म्हणून की काय, पेशीनं स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं.

ऑक्सिमीटर सांगतो, आहेत त्यातल्या किती जागा भरल्या. मुळात जागा किती, ते त्याला कळत नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. म्हणजे हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात १८ च्या वर, वहिनींच्या रक्तात ९ च्या आसपास. आकडा दोघांचाही ९८! गाड्या खच्चून भरलेल्या, पण जागाच निम्म्या. आणि हृदय बिचारं जादा फेऱ्या मारतंय.

दोन वर्षं पाळीत फार रक्त जात होतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दादालाही माहीत नव्हतं. जिन्यात मध्येच थांबायच्या, तेव्हा मी वरून "वहिनी, चहा" ओरडायचो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. तो आकडा मी पेपरात वाचला होता, आमच्या स्वयंपाकघरात बसून.

त्या मूळ दुखण्यावर उपचार सुरू आहेत, लोहाच्या गोळ्याही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे जुन्या गाड्या बदलायला वेळ लागणारच. दीड महिन्यानं ९.४ भरलं. जेवणावरचा चहा बंद केलाय, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही म्हणे. त्यावरून मात्र वहिनी अजून चिडलेल्या आहेत.