बिल्ले

खदानीचा बिल्ला. पितळी, गोल, रुपयाहून मोठा. वर अडकवायला भोक, मधोमध नंबर ४१७. आकडे एकेक करून हाताने ठोकलेले, त्यामुळे एक जरा खाली घसरलेला. भोकाची वरची कड खिळ्यावर घासून पातळ झाली आहे. मागची बाजू कोरी. खदानीचे नावसुद्धा नाही.

सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी, सावनेर हा नागपूरच्या उत्तरेचा कोळशाचा पट्टा. पाळीवर आलेला कामगार लॅम्प रूमच्या खिडकीत बिल्ला द्यायचा, आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, बॅटरी कमरेला बांधायचा आणि खाली उतरायचा. दिव्याच्या जागी बिल्ला टांगलेला राहायचा. वर आला की दिवा जमा, बिल्ला परत. पाळी सुटून गेली आणि खिळ्यावर बिल्ला तसाच आहे, म्हणजे माणूस अजून खाली आहे. दुर्घटना झाली तर पहिली मोजणी या खिळ्यांवरूनच व्हायची. माझ्या संग्रहातल्या चांदीच्या नाण्यांपेक्षा मला हा बिल्ला मोलाचा वाटतो तो यामुळे. ४१७ कोळसा भरणाऱ्या एका लोडरचा. त्याच्या घरच्यांनी नाव आणि खदान कागदावर लिहून दिली, ती चिठ्ठी मी बिल्ल्याच्याच पाकिटात ठेवली आहे. चिठ्ठी नसती तर हाती नुसते पितळ उरले असते.

परदेशी संग्राहक खाणगावांतून टोकन शोधतात ती बहुधा व्यवहाराची. अमेरिकेत कोळसा कंपन्या मजुरीपोटी स्वतःची टोकन देत आणि ती त्यांच्याच दुकानात खपत. आपल्याकडे आसामच्या चहामळ्यांतही मजुरीची टोकन होती. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यायची असे ठरवले. नागपूरकडे माझ्या हाती आले ते सगळे हजेरीचे आणि दिव्याचे बिल्ले. त्यांच्यावर कधी पावशेर डाळ मिळाली नसेल, पण घरचा माणूस खाली आहे की वर, ते त्यांच्यावरून कळायचे.

गिरणीचा बिल्ला, नागपूरच्या एम्प्रेस मिलचा. ही गिरणी १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, २००२मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे.

सायकल स्टँडचा बिल्ला. पत्र्याचा, टॉकीजच्या आवारातला. हा जोडीने असायचा: एक हँडलला, दुसरा मालकाच्या खिशात. आता सापडतो तो एकटाच.

हमालाचा पितळी बिल्ला स्टेशनवर अजून दंडावर दिसतो. म्हणून त्याला संपत चाललेल्या बिल्ल्यांच्या या यादीत घेत नाही.

बिल्ले संपतात ते पितळेपायी. खदानीत हजेरी बायोमेट्रिकवर गेली, घरातला बिल्ला जुन्या तांब्या-वाटीबरोबर मोडीत निघाला, किलोवर विकला गेला आणि भट्टीत गेला. जे वाचतात त्यांना विकणारे चिंचेने घासून चकचकीत करतात. आकड्यांच्या खाचांत बसलेली कोळशाची भुकटी त्यात धुऊन जाते. असा बिल्ला मी घेत नाही.

रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीकडचा एकही बिल्ला मला अजून मिळालेला नाही. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज निघते. आधी ब्रिटिश कंपनी होती, १९६२पासून मॉइल ही कंपनी. रामटेककडे कुणाच्या घरी, देव्हाऱ्यात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात, असा बिल्ला असेल तर घासू नका. कुणाचा होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. मला नाही दिला तरी चालेल.