किती वाजले?

भिंतीवर टांगलेले ते घड्याळ, मनगटावर बांधलेले तेही घड्याळ, आणि मनोऱ्यावर बसून साऱ्या शहराला वेळ सांगते तेही घड्याळच! मराठी माणूस या बाबतीत मोठा समदर्शी आहे. इंग्रजाला असला समदर्शीपणा मानवत नाही. भिंतीवरचे त्याचे 'क्लॉक' आणि मनगटावरचे किंवा खिशातले 'वॉच'. एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारलीत, तर त्याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा! मी पडलो मराठीचा अध्यापक. शब्दांच्या घरगुती भानगडींत डोके घालणे हा माझा धंदाच आहे. तेव्हा वेळ सांगण्याच्या एकाच कामाला लावलेल्या या दोघांना त्याने दोन नावे का ठेवली असतील, याचा मी एकदा निवांतपणे छडा लावायचे ठरवले.

कोणी म्हणेल, त्यात काय मोठेसे? मोठे ते क्लॉक आणि लहान ते वॉच. पण उशाशी ठेवायचे गजराचे घड्याळ तळहातावर मावते, तरी ते क्लॉकच. उलट, भर समुद्रात रेखांश कळावा म्हणून जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने प्रथम एकामागून एक तीन अवजड घड्याळे केली. १७५९ साली त्याचे चौथे घड्याळ पुरे झाले, ते चांगले बशीएवढे आणि जवळजवळ दीड किलो वजनाचे होते. तरीही त्याला म्हणतात 'सी वॉच'! तेव्हा नुसती मोजपट्टी घेऊन हा भेद उलगडायचा नाही. त्यासाठी शब्दांच्या कुळाची चौकशी करायला हवी.

क्लॉक हा शब्द मुळात घंटेचा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'क्लोका' म्हणजे घंटा. फ्रेंचांची 'क्लोश' आणि जर्मनांची 'ग्लोके' अजूनही घंटाच आहे. इंग्लंडात सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये एक फार जुने यंत्र आहे. ते १३८६ च्या सुमाराचे समजले जाते. त्याला ना तबकडी, ना काटे. तास झाला की ठोके द्यायचे, एवढेच त्याचे काम. क्लॉक ही पाहायची वस्तू नव्हतीच, ती ऐकायची वस्तू होती. शेतात वाकलेल्या माणसाला आणि घरात दळणाऱ्या बाईला, दोघांनाही तिने एकाच वेळी हाक मारायची.

वॉचचे कूळ अगदी निराळे. हा शब्द 'वेक' म्हणजे जागे असणे, या शब्दाचा सख्खा भाऊ. खिशात मावणारे घड्याळ जन्माला येण्याच्या आधी कितीतरी शतके तो इंग्रजीत नांदत होता आणि त्याचा अर्थ होता जागरण, पहारा. रात्री सारे गाव झोपले असता जो डोळ्यांत तेल घालून जागतो, त्याची ती पाळी. जहाजावर अजूनही खलाशांच्या पाळीला वॉचच म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे ती चार तासांची, आणि दर अर्ध्या तासाला घंटा एकेक ठोका वाढवीत जायची. आठ ठोके पडले की पाळी संपली. घंटा वाजते ती सर्वांसाठी, आणि जागतो तो एक जण, बाकीच्यांना झोपता यावे म्हणून.

इथवर आलो आणि मला आपल्या मराठीची आठवण झाली. तिने खरोखरच हा भेद केला नसेल का? घड्याळाचे मूळ घटीत, म्हणजे लहानशा भांड्यात. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटकांची दिवसरात्र. लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशीबुवा घटिकापात्राकडे टक लावून बसत, ते हेच. घटका भरली की थाळीवर टोल पडे. आपला 'तास'सुद्धा मूळचा फारसीतून आलेला. त्याचाही अर्थ धातूचे भांडे.

आणि 'प्रहर'? प्र आणि हृ. प्रहार ज्याचा भाऊ, तो हा प्रहर. टोल्याने मोजलेला तीन तासांचा काळ. रात्रीच्या त्या तीन तासांत जो जागायचा त्याचे काम म्हणजे 'पहारा', आणि तो स्वतः पहारेकरी. इंग्रजाने ज्यासाठी दोन शब्द खर्ची घातले, ते घंटा आणि जागरण आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बसवले होते! अर्थात म्हणून दुकानात जाऊन "एक पट्ट्याचा प्रहर दाखवा हो," असे म्हणण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

घंटा मात्र आपल्या जिभेवरून अजून हटलेली नाही. आपण "किती वाजले?" असेच विचारतो. मनगटावरचे घड्याळ कधी वाजत नाही, फोनवरचे आकडे तर मुकेच, तरी आपले वाजतातच! वाजणे हे चार लोकांचे असते, म्हणून त्यावर भांडणेही चार लोकांत होतात. १९०६ साली देशाला एक प्रमाण वेळ मिळाली, पण मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' सहजासहजी सोडली नाही. १९५५ पर्यंत ती शहरात तग धरून होती. मनगटावरचे घड्याळ पाच मिनिटे मागे असले तर त्याची शहराला दाद ना फिर्याद. ते एकट्याचे.

एकट्याचे, असे मी सहज लिहून गेलो खरा. पण काही वर्षांपूर्वी अण्णांना न्यूमोनिया झाला, त्या दिवसांत हा शब्द मला निराळा दिसला. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांना दर चार तासांनी औषध द्यायचे होते. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाचे ठोके त्यांना सोसेनात, म्हणून मी त्याचा लंबक थांबवला. मग आईने अण्णांचे किल्लीचे एच.एम.टी. आपल्या हाताला बांधले. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल, म्हणून बांगड्यांच्या वर, पार कोपराजवळ. तिला आयुष्यात मनगटी घड्याळाची गरज कधी पडली नव्हती. तिचा दिवस दूधवाला, शाळेची घंटा आणि नळाचे पाणी यांवर बिनचूक चाले.

रात्री अण्णांना झोप लागत नसे. अंधारातून त्यांचा आवाज येई, "किती वाजले ग?" आई दिव्याशी हात नेऊन सांगे, "अडीच. झोपा आता." दहा मिनिटांनी पुन्हा, "किती वाजले?" "पावणेतीनला कमी आहेत." मी शेजारच्या खोलीत पडून हे ऐकत असे. चार-पाच रात्री हेच चालले. मग एकदा त्यांनी विचारले तेव्हा आईने घड्याळ पाहिलेच नाही. नुसती म्हणाली, "आहे मी." अण्णा "बरं" म्हणाले आणि झोपले. त्या रात्री त्यांनी पुन्हा वेळ विचारली नाही. दोन वाजता आणि सहा वाजता औषध मात्र बरोबर दिले गेले.

मी वर्गात अर्थ आणि संदर्भ यांवर तास घेतो. वॉच या शब्दाचा अर्थ मला त्या रात्रीइतका स्वच्छ कोणत्याही कोशाने सांगितला नव्हता.

पंधरा दिवसांनी अण्णा उठून बसू लागले. मी लंबक हलवला, ठोके सुरू झाले. अण्णांनी आपले घड्याळ मागून घेतले, कानाशी धरले, भिंतीकडे पाहिले आणि बऱ्याच दिवसांनी कपाळाला आठी घालून म्हणाले, "दोन मिनिटं मागे पडलंय हे. किल्ली वेळेवर देत नव्हतीस वाटतं!"

आई काही बोलली नाही. हातावरचा पट्ट्याचा वळ चोळीत ती आत चहा टाकायला गेली.