पाव्हणं, जरा थांबा!

संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचं पुस्तक आत्ता आत्ता हाती आलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी ते उघडून दाखवत सुटलोय. फडांबरोबर गावोगाव हिंडून टिपलेली ही माणसं! मी चित्रकार, व्यक्तिचित्रं काढतो. समोरच्याला तासन्‌तास गप्प बसवणारा. मग घरापासून हाकेच्या अंतरावरची ही कलावंत मंडळी मला दिसली कशी नाहीत?

आणि तमाशा तर आपल्याच मातीतला! शाहीर पठ्ठे बापूरावांचं गाव रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात, पण १८६६ साली ते जन्मले तेव्हा ते साताऱ्यातच होतं. दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, वेगळा झाला १९४९ मध्ये. त्याच जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ वगातल्या त्यांच्या पोलिसांची नावं काळू आणि बाळू. ती भूमिका अशी गाजली, की महाराष्ट्र त्यांना काळू-बाळू म्हणूनच ओळखू लागला. आता सांगा, त्यांचा फोटो काढायचा तर कुणाचा? लहू-अंकुशचा की काळू-बाळूचा?

हा किडा डोक्यात घेऊनच साताऱ्याकडच्या एका यात्रेत गेलो. तिथल्या तमाशाच्या फडाच्या मॅनेजरला विचारलं, कॅमेरा काढला आणि सांगून टाकलं, कसं बसायचं ते तुम्हीच ठरवा.

मग काय! ढोलकीवाले काका म्हणाले, “पाव्हणं, जरा थांबा,” आणि ढोलकी सुरात लावायला बसले. मी म्हटलं, काका, फोटोत आवाज येत नाही. तर म्हणतात, “तुमच्या फोटूत न्हाई येत, पर बेसूर ढोलकी घेऊन माझं तोंड सरळ ऱ्हाईल का?” खरंच! सूर लागला आणि चेहरा असा खुलला, की मी फक्त बटण दाबलं. चाळ बांधणाऱ्या बाईंनी कनातीबाहेरचा उजेड नाकारला. आरशापुढच्या बल्बखालीच काढा म्हणाल्या, आणि त्यांचंच बरोबर निघालं. सोंगाड्यानं तर कॅमेराच काढून घेतला, मला गर्दीपुढे उभं केलं आणि हसवून हसवून माझाच फोटो काढला. आयुष्यात माझा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता!

गवळणीतली मावशी करणाऱ्या मामांनी मात्र दोन फोटो मागितले. एक लुगड्यातला, नखऱ्यासकट. दुसरा तोंड धुऊन, टोपी घालून. “दोन्ही शेजारी शेजारी लावा. एकटा लावू नका, अर्धाच दिसंन मी.”

लहू-अंकुश की काळू-बाळू, या प्रश्नाचं उत्तर मामांनी असं चुटकीसरशी दिलं! रोज रात्री हजारोंच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला आपला चेहरा कसा दिसतो, कुठून दिसतो, किती दाखवायचा, हे आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं. व्यक्तिचित्र दोघांनी मिळून काढायचं असतं, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. ते पुस्तक मिळवा, बघा. आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या, की चला माझ्याबरोबर. कॅमेरा कुणाचाही चालेल. तो त्यांच्याच हातात द्यायचाय!