डावा पाय

आपल्याकडे डाव्या अंगाला मान कमीच. जेवावयाचे उजव्या हाताने, तीर्थ घ्यावयाचे उजव्या हाताने, आणि नवी नवरी माप ओलांडते तीही उजव्या पायाने. परंतु गियरची मोटार शिकावयास बसलेल्या मनुष्याचे सारे भवितव्य या उपेक्षित डाव्या पायाच्या हाती असते!

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. म्हणून चालकाचे आसन उजवीकडे आणि गियरचा दांडा त्याच्या डाव्या हाताशी. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाकडे. डाव्याकडे एकटा क्लच. इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. चाके मात्र अजून स्तब्ध असतात. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. तो दाबला की त्यातील तबकडी इंजिनाच्या जड चक्रापासून सुटते. पाय उचलला की त्याला घट्ट भिडते. भिडण्यापूर्वी क्षणभर ती नुसती घासत राहते. तोच ‘हाफ क्लच’. सारी विद्या त्या एका क्षणात साठविलेली आहे.

शिकाऊ चालकाला हे चटकन उमगत नाही. त्याचा पाय एकदम वर येतो, गाडी आचका देते आणि बंद पडते. शेजारी बसलेला उस्ताद शांतपणे म्हणतो, “साहेब, पाय काढू नका, सोडा, हळूहळू सोडा.” ‘काढणे’ आणि ‘सोडणे’ यांतील हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही; तो टाचेनेच शिकावा लागतो.

जुन्या काळच्या चालकांचे कष्ट याहून अधिक. गियर बदलताना दातांवर दात खरखरत. इंजिनाचा वेग कानाने जोखून ते जुळवावे लागत. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत हे वेग आधीच जुळवून घेणारी यंत्रणा आली आणि कानाचे काम हलके झाले. पायाचे शिक्षण मात्र चुकले नाही.

त्याची खरी कसोटी चढावर लागते. पुलाच्या चढावर वाहनांची रांग थांबलेली आहे. शिकाऊच्या गाडीमागे हातभर अंतरावर सायकलवर एक शाळकरी मुलगा, आणि त्याच्यामागे एस. टी. रांग हलते, मागून कर्णे वाजू लागतात. अशा वेळी घाबरून ब्रेक सोडला, तर गाडी मागे घसरलीच! म्हणून हातब्रेक ओढलेलाच ठेवावा आणि डावा पाय सावकाश उचलावा. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचे नाक किंचित वर येते. नेमका तेथेच पाय थोपवून हातब्रेक सोडला, की गाडी तसूभरही मागे न जाता पुढे सरकते. तो मुलगा पायडल मारीत निघून जातो. आपला जीव क्षणभर एका अनोळखी माणसाच्या टाचेवर तोललेला होता, याची त्याला वार्ताही नसते.

अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. चढावर थांबून पुन्हा निघणे किती अवघड, हे ज्याने सोसले आहे, त्याला तो नियम पाठ करावा लागत नाही.

आता स्वयंचलित गियरच्या गाड्या वाढत आहेत. त्यांत डाव्या पायाला पुन्हा विश्रांतीच. परंतु त्याने शिकविलेला धडा जुना होणार नाही. अंगी बळ असणे निराळे, आणि ते धक्का न देता दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे निराळे. पहिले इंजिनालाही साधते; दुसरे माणसाला शिकावे लागते.