अंथरुणाबाहेरचे पाय

आरोग्य विम्याच्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत अडुसष्ट बाबींची एक यादी असते. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली. यांचे पैसे मिळत नाहीत. तिच्यात सौंदर्यसेवा आहेत, टीव्हीचं शुल्क आहे, झेरॉक्सचा खर्च आहे. इथवर कुणाचं काही म्हणणं नसावं. पण त्याच रांगेत चालण्याचा आधार आहे, नेब्युलायझर आहे, हवेची गादी आहे, आणि पस्तिसाव्या क्रमांकावर ऑक्सिजन सिलिंडर. त्याच्यापुढे कंसात लिहिलंय, रुग्णालयाबाहेर वापरण्यासाठी.

तो कंस डोक्यातून जात नाही. दवाखान्याच्या खाटेवर जो प्राणवायू उपचार होता, तो वरवट बकाल गावातल्या घरात आल्यावर नुसती वस्तू कसा होतो? डॉक्टर तेच. चिठ्ठीवर ‘घरी चालू ठेवा’ हे अक्षरही त्यांचंच.

आई म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावे. लग्नाच्या याद्या करताना म्हणायची, बियाणं घेताना म्हणायची. आजारपणात ती ही म्हण कधी म्हणाल्याचं आठवत नाही, आणि त्याचं कारण आता कुठे उमगतंय. म्हणीनं धरून चाललंय की पाय आपल्या ताब्यात आहेत. अंथरूण ठरलेलं, पाय तेवढे आखडायचे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पाय आखडता येत नाहीत. ते दुसऱ्यानं उचलून ठेवायचे, दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, नाही तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. तिथे अंथरूणच बदलावं लागतं. हवेच्या गादीचा पंप तेच करतो, कप्पे आळीपाळीनं फुगवतो, म्हणजे एकाच जागी भार पडत नाही.

आणि त्या म्हणीतलं अंथरूण एकट्याचं होतं, असं तरी कुणी सांगितलं? आमच्याकडे एका वाकळीवर चार-चार भावंडं झोपत. कुणी पाय पसरले की ते शेजारच्याच्या पोटात जात. म्हण काटकसरीची म्हणून शिकवली जाते, पण मला ती आता दाटीवाटीत झोपणाऱ्यांची वाटायला लागलीय. तसं असेल तर विमा म्हणजे तीच वाकळ. माझे पाय पसरले की दुसऱ्या कुणाचा हप्ता वाढतो. हे कळलं तेव्हा कंपनीवरचा राग थोडा उतरला. मग आठवलं की त्याच वाकळीवर ज्याला ताप असेल त्याला भिंतीकडची मोकळी जागा मिळायची आणि बाकीचे आपणहून आक्रसायचे. हे म्हणीत कुठे आलंय?

सरकारी वाकळही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता तिचं कवच कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं आहे. मोठी गोष्ट आहे ती, गावात कितीतरी ऑपरेशनं तिच्यावर झाली. पण तिचं पॅकेज सुट्टी झाल्यापासून दहा दिवसांपर्यंत चालतं, आणि फुप्फुस काही दहा दिवसांत नवं होत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना एकदाच 3,000 रुपये मिळतात. त्यात काठी येते, चष्मा येतो, कमोड खुर्ची येते. श्वासाचं यंत्र येत नाही.

पॉलिसीच्या त्या यादीत बाराव्या क्रमांकावर मिनरल वॉटर आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो चैनीचा खर्च वाटेल. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं. खारपाणपट्ट्यात विहीर खणली की पाणी लागतं आणि तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. थुंकायची सोय नव्हती त्या पिढ्यांनी ते गिळलं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराची नावं घरोघर ऐकू येतात. वाण धरणाचं गोडं पाणी आलं ते फार उशिरा. दोष एकट्या पाण्याचा, की उन्हात राबण्याचा, दुखण्याच्या गोळ्यांचा आणि फवारणीचाही, यावर जाणत्यांचं एकमत नाही. पण मूत्रपिंड दवाखान्यात बिघडत नाही, हे तर खरं ना? ते घरात, शेतात, माठापाशी बिघडतं. यंत्रावरचं डायलिसिस योजनेत बसतं, त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. पोटात द्रव सोडून घरीच करायचं डायलिसिसही असतं. ते बहुधा दिवसातून चारदा, आणि दर वेळी हात स्वच्छ पाण्यानं धुवून. पुन्हा पाण्यापाशीच आलो.

समजा उद्या सगळं मान्य झालं. गादी, सिलिंडर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मग दवाखाने माणसाला लवकर घरी धाडतील. घराचा वॉर्ड होईल. रात्री लाईन गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, तेव्हा उठून नळी सिलिंडरला जोडायची कुणी? सून उठेल, नाही तर बायको. त्या जागरणाला विमा असावा का? असला तर तो कुणाच्या नावे, हे मला सांगता येत नाही. आईनं आजी-आजोबांचं असं सगळं केलं. तिला कुणी त्याचे पैसे देऊ केले असते तर ती रागावली असती, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, रागावली असती की तिला बरं वाटलं असतं?