पन्नाशीनंतरची पेन्सिल

वैद्यकीय व्यवसायात डोळ्यांना अखंड काम असते, परंतु ते बहुधा ठरलेल्या वाटेनेच चालते. जीभ, खालची पापणी, नखे, घोट्यावरची सूज. सवयीने नजर तिथे पोचते आणि पुन्हा कागदाकडे वळते. जुन्या जालन्यात, गांधी चमनपासून फारसा दूर नसलेल्या माझ्या दवाखान्यात मी 28 वर्षे अशीच पाहत आले आहे. त्यात वावगे काही नाही. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण तपासायचे म्हणजे नजरेला वळण लागलेले असावेच लागते. मात्र चार वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी चित्र काढायला शिकू लागले आणि पाहण्याची आणखी एक रीत असते हे हळूहळू उमजू लागले.

या शिकण्याला कारण झाले माझे वडील. अण्णांनी छत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांच्या दिवसांत आमच्या ओसरीवर मुलांची रांग लागे; कोणी वस्तुचित्र घोटत असे, कोणी स्मरणचित्र. मी काढलेल्या आकृत्या जीवशास्त्राच्या जर्नलपुरत्याच राहिल्या. बेडकाची पचनसंस्था रेखीव काढली, त्यापलीकडे पेन्सिलीशी माझा संबंध आला नाही.

अण्णांच्या आजारात प्रथम बदलले ते अक्षर. किराण्याच्या यादीची पहिली ओळ नेहमीसारखी ठसठशीत असे; पुढे अक्षरे आक्रसत जात आणि शेवटचे पोहे, शेंगदाणे मुंगीएवढे होऊन कागदाच्या कडेला दाटीवाटीने बसत. चालताना उजवा हात झुलेनासा झाला होता. छत्रपती संभाजीनगरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान केले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात क्षीण होत जातात, हालचाली मंदावतात आणि त्यांचा आवाका लहान होतो. अक्षर लहान होणे हा त्याचाच एक भाग. कंप तेवढा लोकांच्या डोळ्यांत भरतो. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांचे अक्षर असे लहान होत चालले असेल, एक हात झुलत नसेल, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले असतील, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक वेळी हाच आजार निघेल असे नाही, पण तपासणी व्हायला हवी.

औषधाने अण्णांना बराच आराम पडला. जेवण, स्नान, संध्याकाळी शनिमंदिरापर्यंतचा फेरफटका हे सुरू राहिले. परंतु चित्राची रेषा परतली नाही. एके दिवशी त्यांनी आपल्या पेन्सिलींचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “माझा हात आता ऐकत नाही. तुझा ऐकतो का ते बघू. रात्री दवाखाना झाला की बसत जा.”

पहिला धडा पितळी तांब्याचा होता. तो पाच आठवडे चालला. तांब्याचे तोंड गोल असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात गोलच काढू पाहतो. डोळ्यांना मात्र तिथे लंबवर्तुळ दिसत असते. शिवाय डोळ्यांच्या पातळीपासून जसजसे खाली जावे तसतसे ते लंबवर्तुळ अधिक गोल होत जाते, म्हणून तांब्याचा तळ तोंडापेक्षा जास्त वळणदार काढावा लागतो. मी तळाला सरळ रेघ देत असे. अण्णा म्हणत, “तांब्या टेबलावर ठेवलेला आहे, म्हणून तू रेघ काढतेस. टेबल विसर. दिसते तेवढेच काढ.” ठाऊक असलेले बाजूला ठेवून दिसते तेवढेच नोंदवणे, हे तर वैद्यकाच्या पहिल्या वर्षापासून आम्हालाही शिकवले जाते. पुढे गर्दीत ते झिजते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन या त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन चित्रांसमोर उभे करण्याचा उपक्रम सुरू केला. चित्रात काय दिसते ते आधी सांगायचे, अर्थ नंतर लावायचा. अशा विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती सुधारल्याचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत कसा येतो, बसताना कशाचा आधार घेतो, याकडे आता माझे लक्ष रेंगाळते.

कलादालने आमच्या गावाच्या वाट्याला आलेली नाहीत. मुंबईला वैद्यकीय परिषदेसाठी जनशताब्दीने जाणे झाले की दुपारचे एखादे सत्र सोडून मी काळाघोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात जाते. 1952 पासून ते सर्वांना खुले आहे. आत जायला पैसे लागत नाहीत आणि कोणी हटकतही नाही. प्रथम गेले तेव्हा कोळशाने काढलेल्या एका वृद्धेच्या चित्रापुढे बराच वेळ थांबले. खांद्याची रेषा चित्रकाराने तीनदा पुसून चौथ्यांदा काढली होती, आणि आधीच्या तिन्ही रेषा धुरकट दिसत होत्या. पुसलेल्याचीही लाज नसावी, हे पाहून मला फार धीर आला. रात्री घरी फोनवर ते वर्णन केले, तर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “उजेड कुठल्या बाजूचा होता?” मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहून आले.

आमच्यासाठी खरे कलादालन अजिंठ्याला आहे. राजूर, भोकरदन, सिल्लोडमार्गे तिथे सकाळी निघून सकाळीच पोचता येते. मागच्या डिसेंबरात अण्णांना घेऊन गेले. ‘परत जमेल न जमेल,’ असे ते स्वतःच म्हणाले होते. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून बसने पायथ्याशी गेलो. पायऱ्यांसाठी डोली केली. डोलीत बसायला ते लाजत होते. वाहणाऱ्यांपैकी एकाने “बाबा, राजासारखं बसा,” म्हटल्यावर हसले.

पहिल्या लेण्यातील मंद उजेडाला डोळे सरावायला काही मिनिटे जावी लागतात. मग गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या अंगाला पद्मपाणी वर येतो. खाली झुकलेले डोळे, धनुष्यासारखी भुवई, हातात नाजूकपणे धरलेले कमळ. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी भाताची तुसे मिसळलेला मातीचा गिलावा खडकावर चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, गेरूने आकृती आखली आणि मग रंग भरले. अण्णांनी हात वर केला आणि ती भुवई हवेत बोटाने काढू लागले. बोट संथ चालले होते आणि त्याला कंप नव्हता. कंपवाताचा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना असतो, हेतुपूर्वक हालचाल सुरू झाली की पुष्कळदा ओसरतो. हे मी पुस्तकात वाचले होते, रुग्णांतही पाहिले होते. तरी त्या क्षणी मी चित्राकडे पाठ करून बोटाकडेच पाहत राहिले. मागच्या मंडळींना पुढे यायचे होते, रखवालदाराने आम्हाला सरकायला सांगितले.

या भिंतींपुढे उभे राहून किती जणांनी नकला केल्या! मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून येथे वर्षानुवर्षे चित्रे उतरवीत बसला. त्यातील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही कित्येक नकला 1885 च्या आगीत गेल्या. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी या नियतकालिकाच्या वाचकांना ठाऊक असतील; तेही हौशी चित्रकार होते आणि अजिंठ्यावर त्यांनी पुस्तक लिहिले आहे. औंधला त्यांनी उभारलेले संग्रहालय अजून पाहायचे राहिले आहे.

परतल्यावर अण्णांनी एक मागणी केली: मोठ्या अंतराच्या रेघा आखलेली वही. अशा रेघांमध्ये लिहिले की अक्षराचा आकार टिकायला मदत होते, हे फिजिओथेरपिस्टने पूर्वीच सांगितले होते; तेव्हा त्यांनी ते मनावर घेतले नव्हते. आता रोज सकाळी, औषधाचा असर चांगला असतो त्या वेळात, ते त्या रेघांमध्ये भुवया काढतात. पानभर भुवया. आजार त्याने मागे हटणार नाही. गेल्या तपासणीला औषधाची मात्रा वाढवावी लागली.

माझा सध्याचा धडा हाताचा आहे. जागेपणी अण्णांचा हात स्वस्थ राहत नाही. झोपेत मात्र कंप थांबतो. म्हणून दुपारी जेवणानंतर ते आडवे झाले की मी शेजारी बसून काढते, पंचवीस-तीस मिनिटे मिळतात. शिरा आणि सांधे जमतात, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा जमत नाही. जाग आली की ते चष्मा लावून वही मागतात आणि म्हणतात, “हा अंगठा तू पुस्तकातून काढलास. उद्या नीट बघून काढ.”