खुडूक कोंबडीचा कारभार

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्या स्वभावात जे परिवर्तन घडते, ते प्रत्यक्ष पाहिल्यावाचून या पक्ष्याच्या बुद्धीविषयी कोणी अभिप्राय देऊ नये, असे माझे मत आहे. काल-परवापर्यंत उकिरडा उकरण्यात आणि सोबतिणींशी कलह करण्यात जिचा दिवस जात होता, ती एकाएकी पिसे फुलवून, मान आखडून डालग्याच्या तळाशी बसते. हात पुढे केला तर घशातून खर्जातला एक इशारा देते आणि तो न मानणाऱ्याच्या मनगटावर चोच मारते. पोटाखालची तिची पिसे विरळ होतात आणि तिथली उघडी, उष्ण कातडी अंड्यांच्या कवचाला थेट भिडते. अन्नपाण्यासाठी ती दिवसातून बहुधा एकदाच उठते. घटका-अर्धी घटका बाहेर राहून घाईघाईने दाणे टिपावेत, पाणी प्यावे, धुळीत अंग घुसळावे आणि पुन्हा हजर व्हावे, असा तिचा जाबता ठरलेला असतो, आणि तो मोडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

ही अर्धी घटकाच तिच्या जिवावर बेतते. मामलेदार कचेरीतली नोकरी पुरी करून पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगराकडच्या गावी येऊन राहिल्यापासून मी गावरान कोंबड्या बाळगतो, आणि या भागात मुंगसाचा, रानमांजराचा व गावच्या बेवारस कुत्र्यांचा उपद्रव किती आहे हे कोणाही कोंबडीवाल्याला सांगावे लागत नाही. रात्रीचा बंदोबस्त करता येतो, खुराड्याला कडी घालता येते. परंतु भर दुपारी, सारी माणसे शेतात असताना, बारा दिवस उबवलेल्या अंड्यांवरून उठून परसात गेलेल्या तांबडीच्या मागे शिपाई कोण लावणार? कुंपणापाशी पिसे विखुरलेली दिसली, मुंगसाच्या कारवाईची खूण पटली, आणि डालग्यातली अंडी आता कोणाच्या ताब्यात द्यावीत हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. अंडी हाताला गार लागत होती. शेजारच्या आक्का भिंतीपलीकडून आल्या, त्यांनी एक अंडे उचलून गालाला लावले आणि म्हणाल्या, "तात्या, अजून जित्ती असतील, एकदम टाकू नगासा."

आक्कांचे हे म्हणणे अनुभवाचे होते आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते बिनचूक होते. अंड्यातला जीव थंडीने तात्काळ मरत नाही. त्याची गती मंदावते आणि ऊब मिळताच तो थांबलेले काम पुन्हा हाती घेतो. नवी अंडी साठवता येतात ती याच गुणामुळे. कोंबडी रोज किंवा एक दिवसाआड एकेक अंडे घालते, आणि डझनभर जमेपर्यंत पहिले अंडे पंधरवडाभर जुने झालेले असते. तरीही सारी पिले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात, कारण सुमारे सत्तर अंश फॅरनहाइटच्या खाली बीज वाढत नाही, ते तहकूब असते. म्हणून उबवणीसाठी राखायची अंडी मी न धुता ठेवतो, कारण कवचावरचा जो सूक्ष्म, नैसर्गिक लेप रोगजंतूंना अटकाव करतो तो पाण्याने निघून जातो. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घालतो, निमुळते टोक खाली करतो आणि टोपली माजघरात, पाण्याच्या रांजणाच्या ओलसर गारव्यात ठेवतो. आठवड्यापर्यंत अंडे उत्तम राहते. दहा दिवसांनंतर मात्र त्याची हमी झपाट्याने उतरत जाते. चैत्र-वैशाखात तर हा हिशेबच बिघडतो. त्या दिवसांत माजघरातही इतका उकाडा असतो की बीज ना धड थांबते ना धड वाढते, आणि अशा अर्धवट चेतनेत ते बहुधा कुजते.

परंतु ही झाली न बसवलेल्या अंड्यांची गोष्ट. तांबडीखालची अंडी निम्मी मुदत ओलांडून गेलेली होती, आणि त्यांचा निकाल दिव्यावाचून लागणार नव्हता. अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या तोंडाशी पुठ्ठ्याची नळी लावून तिच्यावर अंड्याचे रुंद टोक टेकवले की कवच कंदिलाच्या काचेप्रमाणे उजळते, आणि आतला सारा तपशील नजरेस येतो. सातव्या दिवशी तांबड्या शिरांचे जाळे आणि मध्ये एक काळा ठिपका दिसतो. जे अंडे नुसतेच पिवळट, स्वच्छ दिसते ते वांझ. ज्यात रक्ताचे एक कडे तेवढे उरते त्यातला जीव आरंभीच गेला असे समजावे. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक अंडे काळोखाने भरते, रुंद टोकाशी हवेचा कप्पा स्पष्ट होतो, आणि धीराने पाहत राहिले तर त्या काळोखाच्या कडेशी काही तरी हलते. ॲरिस्टॉटलने रोज एकेक अंडे फोडून हा क्रम पाहिला होता, आणि तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्यासारखे उडणारे हृदय त्याने नोंदवून ठेवले आहे.  माझ्या गार पडलेल्या अंड्यांत त्या संध्याकाळी हालचाल दिसली नाही, मात्र शिरा शाबूत, तांबड्या होत्या. अशा वेळी लागलीच निकाल देणे अन्यायाचे होते. आधी ऊब द्यावी, दोन दिवसांनी फेरतपासणी करावी, आणि मगच कोणाला बरखास्त करायचे ते ठरवावे.

दुसरी खुडूक कोंबडी असती तर प्रश्न एका रात्रीत सुटला असता. गावात त्या दिवशी मोकळी अशी एकही नव्हती. आक्कांची काळी स्वतःच्या अंड्यांवर बसलेली होती आणि तिच्या पंखांखाली आणखी एकालाही जागा नव्हती. तेव्हा मासळीची थर्माकोलची रिकामी पेटी, पंचवीस वॅटचा दिवा, तापमापक आणि पाण्याची पसरट बशी एवढ्या सरंजामावर कारभार सुरू झाला. पेटी कशी करावी हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. भोके ठेवावीत, कारण अंडे श्वास घेते, आणि तापमापकाचे टोक अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर असावे, कारण पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा खालच्याहून पुष्कळ उष्ण असते. पंखा असेल तर साडेनव्याण्णव अंश फॅरनहाइट पुरेत. नसेल तर अंड्याच्या माथ्याशी एकशे एक ते एकशे दोन लागतात.

ऊब देणे हा या कारभारातला सर्वांत सोपा भाग आहे, हे मला सांगायचे आहे. लोकांना वाटते की कोंबडी म्हणजे एक उष्ण पिशवी, आणि तिच्या जागी दिवा ठेवला की तिची उणीव भरून निघाली. ईजिप्तमधल्या कारागिरांनी विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला प्राचीन काळापासून चालवली आहे. तापमापकावाचून, अंडे पापणीला लावून ते उष्णतेचा अंदाज घेत आले. १७४९ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने शेणखताच्या उष्णतेवर आणि विस्तवावर अंडी उबवण्याविषयी ग्रंथ लिहिला. पापणीचा प्रयोग मीही करतो, आणि ती एका अंशाचा फरक सांगते, यात शंका नाही. तथापि अंडी फिरवणे, हवेत ओल राखणे, आणि हे सर्व करून झाल्यावर हात आवरून बसणे, या तीन गोष्टी दिव्याच्या अखत्यारीत येत नाहीत.

फिरवण्याचे काम यांत्रिक आहे, पण चुकवता येत नाही. कोंबडी दिवसभरात कित्येकदा चोचीने अंडी आपल्याकडे ओढते, कडेची मध्ये आणि मधली कडेला नेते. त्यामुळे बीज कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटत नाही आणि ऊबही सर्वांना सारखी पोचते. माणसाने निदान तीनदा तरी अंडी पालथी करावीत, आणि ती आलटून पालटून, एकाच दिशेने नव्हे. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला शून्य अशी पेन्सिलीची खूण केली म्हणजे कोणाची पाळी झाली नि कोणाची राहिली याचा घोळ होत नाही. खेपा विषम संख्येच्या ठेवाव्यात, म्हणजे रात्रीचा लांब पहारा एकाच कुशीवर रोज येत नाही.

ओलाव्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि माझ्या मते पेटीतली बहुतेक पिले त्यातच दगावतात. एकवीस दिवसांच्या मुदतीत पहिले अठरा दिवस अंड्याने आपल्यातले पाणी हळूहळू गमवायचे असते, मूळ वजनाच्या साधारण आठव्या हिश्शाइतके. तेवढ्याने हवेचा कप्पा वाढतो, आणि शेवटी पिलाला पहिला श्वास त्याच कप्प्यातून घ्यायचा असतो. हवा फार दमट राहिली तर कप्पा लहान राहतो आणि पिलू आतल्या आत गुदमरते. फार कोरडी झाली तर पडदा चामड्यासारखा होऊन त्याला जखडतो. माघात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की बशीतले पाणी रोज भरावे लागते, आणि आषाढात तीच बशी काढून टाकावी लागते. पुस्तकातला आकडा दोन्ही महिन्यांना एकच असतो. म्हणून मी दर तपासणीच्या वेळी कप्प्याच्या कडेवर पेन्सिलीची रेघ ओढतो आणि त्या रेघांवरून पाण्याचा हुकूम देतो.

अठराव्या दिवशी फिरवणे बंद करून ओल वाढवायची. आमच्याकडे त्या सुमारास अंडी कोमट पाण्यात सोडून पाहण्याची चाल आहे. ज्यात जीव आहे ते अंडे पाण्यात हलते, डुगडुगते, आणि कवचही जरा भिजते. कवचाला तडा गेलेला असेल तर मात्र हा खेळ करू नये. अंड्यांखाली कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवावा, म्हणजे मेघगर्जनेने अंडी नासत नाहीत, असे आक्का सांगतात. मी ते ठेवतो, कारण त्याने अपाय काही नाही आणि आक्कांचा मान राहतो.

पुढे जे दोन दिवस येतात त्यांत कारभाऱ्याने आपले अधिकार गुंडाळून ठेवावेत. पिलू मान वळवून चोचीने हवेच्या कप्प्याचा पडदा भेदते, फुप्फुसांनी पहिला श्वास घेते, आणि बंद कवचातून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या कठीण टोकाने बाहेरचे कवच एका जागी फुटते, आणि त्यानंतर कित्येक तास, कधी कधी अख्खा दिवस, काहीच घडत नाही. बघणाऱ्याचा जीव इथे कासावीस होतो. पिलू थकले, अडकले, त्याला मदत करावी, असे मन म्हणते. वस्तुतः त्या निवांत तासांत आतल्या पडद्यावरच्या शिरांतले रक्त पिलाच्या देहात ओढले जात असते आणि बलकाची उरलेली पिशवी पोटात घेतली जात असते. अशा वेळी कवच सोलणे म्हणजे जिवंत शिरा तोडणे. झाकण उघडले तरी ओल निसटते आणि पडदा सुकतो. कोंबडी या काळात अंड्यांवरून हलत नाही, आतल्या आवाजाला बारीक कुकवण्याने उत्तर देत राहते, आणि चोच लावत नाही. घराघरांतून नातवंडांना "पेटी उघडू नका" असे सांगणाऱ्या आजोबांना हा संयम नातवंडांहून अधिक शिकावा लागतो, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

पिले निघाली, सगळी नव्हेत. मुदत उलटून गेल्यावर राहिलेली अंडी फोडून पाहिली, तर कोणात पिलू पूर्ण वाढूनही बलक आत घेतलेला नव्हता, कोणात वाढ ज्या दिवशी तांबडी गेली त्याच सुमारास खुंटलेली होती. निघालेल्यांना पहिल्या दिवशी दाण्याची निकड नसते, पोटातला बलक दोन दिवस पुरतो. सुदैवाने आक्कांच्या काळीची पिले त्याच आठवड्यात निघाली होती. रात्रीच्या अंधारात माझी पिले तिच्या पंखांखाली सरकवली आणि सकाळी तिने शिरगणती न करता सर्वांना कुकवून दाणे दाखवले. दिवसाउजेडी केले असते तर तिने परक्यांना टोचले असते. मानमोडीची लस मात्र पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते. तिथे मातेच्या मायेचा उपयोग नाही.

आता बाजारात आपोआप अंडी फिरवणाऱ्या पेट्या मिळतात, आणि त्या वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. ज्याला अंड्यांचा धंदा करायचा आहे त्याच्या दृष्टीने खुडूक होणे हा दोषच आहे, कारण अंडी उबवणे आणि पिले वाढवणे यांत कोंबडीचे दोन-तीन महिने अंड्यांवाचून जातात. म्हणूनच पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ काढून टाकला गेला. ज्या गावात वीज वेळापत्रक पाळत नाही, तिथे मात्र मला तो गुण हवा आहे. तांबडीच्या पिलांतल्या तलंगा म्हणून मी विकल्या नाहीत. जत्रेसाठी मागणी आली ती नरांवर भागवली. या तलंगा अद्याप अंड्यांवर आलेल्या नाहीत, तेव्हा थर्माकोलची पेटी माळ्यावर न टाकता हाताशीच ठेवली आहे.